लातुरातून काढलेली खाडी

जिथं नळाला आठवड्यानं पाणी येतं, तिथं बसून आम्ही समुद्राचे नकाशे काढतो म्हटल्यावर किस्से साचणारच! औसा रोडवर आमचं छोटं ऑफिस. कोकणात बांध घालून कोरडी पाडलेली खाजणं, म्हणजे खाडीकाठची दलदल, पुन्हा जिवंत करायची असते. बांध नेमका कुठं फोडायचा, हे आम्ही सॅटेलाइट आणि ड्रोनच्या नकाशांवरून सांगतो.

*

निलंग्याचा बालाजी जॉइन झाला, तेव्हा त्याचे वडील ऑफिस बघायला आले. स्क्रीनवर खाडीचा फोटो. मोठा फाटा, त्याला बारके फाटे, त्यांना केसाएवढे. ते वाकून बघतच राहिले.

"कशाच्या मुळ्या हायत ह्या?"

"बाबा, पाणी हाय त्ये!"

त्यांनी हळूच डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

*

उंचीचा नकाशा देवणीच्या सुनीताताई करतात. एकदा म्हणाल्या, "वीतभर खाली गेलं की खारफुटीचं रोप बुडून मरतं, वीतभर वर गेलं की वाळून. सगळं जंगल वीतभरात हाय बघा!"

बालाजी म्हणाला, "आमच्याकडं वीतभर बांधावर दोन भाऊ मावत न्हाईत!"

*

बालाजीला घेऊन मी पहिल्यांदा साइटवर गेलो, तेव्हा ओहोटी होती. लांबवर नुसता चिखल. बालाजी हबकलाच.

"सर, समुद्र आटला की ओ!"

"थांब जरा."

शेंगा खात बसलो. मग चिखलातनं पाणी सरकत आलं, आवाज न करता, आणि बघता बघता खाडी भरली.

"हे रोज येतंय?"

"दिवसातून दोनदा."

त्यानं हातातली शेंग खाली ठेवली. मग हळूच विचारलं, "कोन सोडतंय?"

*

एकदाचा बांध फोडायचा दिवस आला. जागा सुनीताताईंनी ठरवलेली. पाणी जिथवर चढेल, तिथं लाल झेंड्या रोवल्या होत्या. झेंड्यांपलीकडं लगेच गावाची भातशेती.

"ताई, खारं पाणी भातात घुसलं तर?" एका शेतकऱ्यानं विचारलं.

"न्हाई घुसणार," ताई म्हणाल्या. पण ओढणीचं टोक मुठीत गच्च धरलेलं.

जेसीबीनं माती ओढली. पाणी आत आलं. कोरड्या पडलेल्या जुन्या ओघळींतून, नकाशातल्या रेषेरेषेनं पुढं गेलं. पसरलं. झेंड्यांपाशी आलं, काठ्या ओल्या केल्या... आणि थांबलं.

टाळी कुणीच वाजवली नाही. शेतकऱ्यानं हात जोडले, पाण्याला की ताईंना, कळलं नाही.

ताईंनी इतकी वर्षं खाडी फक्त स्क्रीनवर बघितलेली. चपला काढून त्या पाण्यात उतरल्या. ओंजळ भरली, जिभेला लावली आणि आमच्याकडं वळून ओरडल्या,

"अरे, खरंच खारट हाय!"