उजव्या गालातले खिळे

सोफे दुरुस्त करणाऱ्याला दोन हात पुरत नाहीत. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्यात हातोडी. मग खिळे कुठे ठेवणार? तोंडात. तिच्या नवऱ्याने तीस वर्षं बारीक खिळे डाव्या गालात ठेवले, जिभेने एकेक पुढे सरकवला आणि ठोकला. नवी नवरी असताना ती घाबरून विचारायची, "चुकून गिळलात तर?"

"तुझ्या आईचं बोलणं गिळलं, खिळ्याचं काय घेऊन बसलीस!"

सहा वर्षांपूर्वी त्याच्या हृदयाची एक झडप बदलली. तेव्हापासून तिने त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. जेवणात मीठ बेताचं, जिना सावकाश, रक्त पातळ करायची गोळी घड्याळाच्या ठोक्याला.

आणि आता तीन आठवडे ताप. तापाची गोळी घेतली की उतरायचा, संध्याकाळी पुन्हा हजर. माणूस निम्मा झाला. पुढच्या खोलीत एक तीन जणांचा सोफा स्प्रिंगा उघड्या टाकून तसाच पडला होता. शेवटी तिने त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई वयाने मुलीसारखी. छाती तपासून झाल्यावर तिने विचारलं, "काका, दात-हिरड्यांचा काही त्रास?"

"दात? ठणठणीत आहेत. तुम्ही छातीचं बघा."

"खोटं बोलताहेत," बायको म्हणाली.

"अगं!"

"दोन महिने झाले, हे खिळे उजव्या गालात ठेवतात."

"खिळे? गालात?" डॉक्टरीण म्हणाली. मग बायकोने तिला समजावलं, की तीस वर्षं हे खिळे डाव्या गालात असायचे. बोलता बोलता तिचं तिलाच उमगलं. गाल बदललेला तिने पाहिला होता. 'म्हातारपणी सवयी बदलल्या वाटतं' म्हणून हसलीही होती.

"काका, आ करा."

डावीकडची शेवटची दाढ आतून पोकळ, हिरडी टम्म सुजलेली, कडेला पू.

"जंतू सगळ्यांच्याच तोंडात असतात," डॉक्टरीण म्हणाली. "हिरडी अशी सुजली की ते रक्तात शिरतात. चांगल्या हृदयात सहसा टिकत नाहीत. बदललेल्या झडपेवर मात्र ठाण मांडतात."

रक्तात तेच जंतू सापडले. झडपेवर त्यांचा लहानसा थर दिसला. सहा आठवडे शिरेतून औषध. नाहीतर पुन्हा छाती उघडावी लागेल. "झडप वाचेल अशी आशा आहे. खात्री नाही देत."

खाटेशेजारी बसल्यावर ती कडाडली, "का लपवलंत?"

"एक गिऱ्हाईक म्हणालं, रक्त पातळ करायच्या गोळीवर दात काढला की रक्त थांबतच नाही." तो चादरीची शिवण चाचपत राहिला. "तू एवढं जपतेस. म्हटलं, दाढेपायी सगळं घालवायचं का? सोसू."

तिचं जपणं वाया जाऊ नये म्हणून तो कळ काढत होता, आणि ती घरात मिठाचे चमचे मोजत होती.

दात सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रशने घासायचे होते. त्याच्या एका हाताला सुई, दुसऱ्यात जोर नाही. ब्रश तिने घेतला. त्याने ओठ घट्ट मिटले.

"वास येतो गं."

"येऊ दे. फुलांच्या दुकानात नाही आले मी."

नवव्या दिवशी संध्याकाळी ताप आला नाही. दहाव्या दिवशीही नाही. पुढच्या तपासणीत रक्त स्वच्छ निघालं, झडपेवरचा थर आकसलेला दिसला.

"पुन्हा छाती उघडावी लागेल असं आता वाटत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "पण दाढ काढायला हवी. गोळीचा हिशेब आम्ही बघू, आधी औषधही देऊ. रक्त थांबेल, काका."

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने पदराने डोळे पुसले आणि मान हलवली.

"मग काढा," तो म्हणाला आणि कुणी सांगायच्या आतच आ वासून बसला.

"आत्ता नाही हो, सोमवारी!" डॉक्टरीण हसली.

तो मात्र बराच वेळ तसाच, तोंड उघडं ठेवून बसून राहिला.