तळाशी बसलेला लाल रंग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याच्याबरोबर दर रविवारी कर्नाळा चढतो त्या मित्रालाही नाही. तुम्ही समोर बसला आहात असं धरून लिहितोय. खरोखर समोर असतात, तर कदाचित आजही विषय बदलला असता.

विजयापासून सुरू करतो, कारण विजय खरा आहे. पनवेलजवळच्या आमच्या कारखान्यात अत्तरांसाठी लागणारं एक रसायन बनतं. त्यासाठी एका तेलाला ऑक्सिजन जोडावा लागतो, आणि ते काम वर्षानुवर्षं क्रोमियम करत होतं. क्रोमियम म्हणजे विष. त्याचा हिरवट गाळ पिंपांत भरून पाठवावा लागे, आणि ती पिंपं हाताळणाऱ्यांच्या बोटांवरच्या जखमा महिनोन्‌महिने भरत नसत. गेल्या महिन्यात शेवटचं पिंप गेटबाहेर गेलं! आता तेच काम एक एन्झाइम करतं — पाण्यात, कोमट तापमानाला. त्याच्या पोटात हीम आहे; आपलं रक्त ज्याने लाल होतं तेच, मधोमध लोखंडाचा एक अणू धरून बसलेलं. निसर्गातलं मूळ एन्झाइम आमच्या तेलाकडे ढुंकूनही बघत नव्हतं. आम्ही त्यात एकेक बदल करत गेलो, हजारो नमुने केले — आणि एक सापडला. पिंप गेलं तेव्हा मी गेटवर उभा राहून टाळ्या वाजवल्या. आठवलं की आजही ऊर भरून येतो. का येऊ नये?

पण सापडला — कुणाला?

सुलभा पाटील आमच्या प्रयोगशाळेत कंत्राटावर मदतनीस होती. सासर ओवे गावचं, माहेर उरणकडचं. वडील मिठागरावर कामाला. एन्झाइम बनवणारे जिवाणू नळीत गरगर फिरवून तळाशी बसवायचे, हे तिचं काम. मग कोणत्या नमुन्याने किती तेल बदललं याचा आकडा माझं मशीन देई, आणि शुक्रवारी नापास नमुने ऑटोक्लेव्हमध्ये — म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरमध्येच — घालून मारून टाकायचे. बदललेले जिवाणू आहेत. ठेवायचे नाहीत, हा नियम.

त्या शुक्रवारी ती एक नळी उजेडात धरून उभी राहिली.

“सर, ही टाकू नका. लाल हाय बगा, तलाशी.”

“आकडा बघा. जवळजवळ शून्य. रंग बघून निवडायला आपण टोमॅटो घेतोय का, सुलभाताई?”

सगळे हसले. तीही हसली. “तुमच्या मशीनीला डोले नाय, सर! आमच्या मिठागरान पानी असा लालसर झाला का बाबा सांगाचा, आता मीठ धरल.”

सोमवारी ती नळी मला फ्रीजरच्या मागच्या कप्प्यात दिसली. वर तिच्या अक्षरात चिठ्ठी — ‘लाल’. मी तिला मेमो दिला. नियम मोडला होता, नाही का? इथवर मी बरोबर होतो, असं मला बरीच वर्षं म्हणता आलं.

पण टाकण्याआधी — एकट्याने, दार लोटून — मी ती तपासली. का, ते सांगता येत नाही. एन्झाइमला कामाला लावायला पेरॉक्साइड द्यावं लागतं. माझ्या मशीनमध्ये ते एकदम पडे, आणि त्या माऱ्याने एन्झाइमच जळून जाई. मी हाताने थेंब थेंब दिलं. आणि तेल बदलायला लागलं. तासभर, दोन तास, थांबेचना! एवढं चांगलं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि मग दुसरंही कळलं. चाचणी मी आखली होती, आणि चाचणीच चुकीची होती. चांगली एन्झाइमं आम्ही दोन वर्षं शिजवून मारत होतो. हे एका मिठागरवाल्याच्या मुलीने नुसत्या नजरेने पकडलं, हे मी मीटिंगमध्ये कसं सांगणार होतो?

नाही सांगितलं. नळी स्वतःकडे ठेवली, आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘नळी नष्ट केली’, खाली सही. मीटिंगमध्ये म्हणालो, हा बदल कॉम्प्युटरच्या मॉडेलने सुचवला. त्या वर्षी कंत्राटी लोकांना कायम करायची यादी निघाली, त्यात तिचं नाव होतं. मेमोमुळे ते गळलं. मेमो मागे घेणं माझ्या हातात होतं — एका सहीचं काम. मी ती केली नाही. मेमो मागे घ्यायचा म्हणजे नळीचा विषय निघाला असता.

सात वर्षं झाली. ती आता न्हावा शेव्याच्या एका गोदामात काम करते. त्याच एन्झाइमसाठी उभारलेल्या नव्या रिअॅक्टरच्या, म्हणजे मोठ्या टाकीच्या, शुभारंभाला जुन्या माणसांना बोलावलं, तेव्हा आली होती. हार घातलेल्या रिअॅक्टरच्या काचेला डोळा लावून बराच वेळ आत बघत राहिली.

“सर, ह्यो रंग वलखीचा वाटतं. आपली ती नली आठवते का?”

तेव्हा सांगता आलं असतं. आजूबाजूला कुणी नव्हतं, आणि तिच्या आवाजात राग तर औषधालाही नव्हता. मी म्हणालो, “हीम असलं की सगळंच लाल दिसतं, सुलभाताई.”

“आसंल,” ती म्हणाली, आणि पेढा घ्यायला गेली.

पहिल्या वेळी मी घाबरलो होतो. दुसऱ्या वेळी घाबरण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तोवर सवय झाली होती.

आज रजिस्टरमधल्या त्या ओळीखाली खरं काय झालं ते लिहून मी सही केली. उद्या सकाळी हे कागद संचालकांच्या टेबलावर असतील, आणि एक प्रत ओव्याला, तिच्या घरी. नंतर माझं काय करायचं ते त्यांनी ठरवावं.

रिअॅक्टर आत्ताही चालू आहे. क्रोमियमचं एकही पिंप आवारात नाही. काचेतून आत बघितलं तर लाल रंग दिसतो. तो सुलभा पाटीलने शोधला. दोनदा ओळखला, आणि दोन्ही वेळा मी नाही म्हणालो.