खंडेनवमीची पाहणी

बीडच्या जुन्या पेठेतून जायची वेळ आली, की मी अजूनही लांबचा वळसा घेतो. त्या पेठेत बंद पडलेल्या जिनिंगची इमारत आहे. रिक्षावाल्याला वाटतं, म्हाताऱ्याला रस्ता आठवत नाही. रस्ता चांगला आठवतो, तीच तर कटकट आहे.

मी तेव्हा उद्योग खात्यात निरीक्षक होतो. शहराच्या आतल्या वस्त्यांत कामधंदा यावा म्हणून सरकारचा निधी आला होता. दुष्काळाचं दुसरं वर्ष. पेठेतल्या पुढाऱ्यांनी यंत्रमागाची सहकारी संस्था काढली, जिनिंगची इमारत घेतली, वस्तीतल्या बायकांना सभासद केलं. माग बसले, असं मी पाहणी करून लिहून दिलं की पुढचा निधी सुटणार होता.

पाहणीसाठी चेअरमननी खंडेनवमीचा दिवस सुचवला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. गेलो तर सगळे माग ओळीनं मांडलेले, हळदीकुंकू वाहिलेले, जमिनीपर्यंत झेंडूच्या माळांनी झाकलेले. एवढ्या दुष्काळात यांनी झेंडू आणला कुठून, याचंच मी कौतुक करत बसलो. पूजेला मांडलेलं यंत्र त्या दिवशी कोणी चालवत नाही. 'चालवून दाखवा' म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मी हात जोडले, पेढा खाल्ला आणि सही केली.

निघताना एक बाई समोर आली. शिरूर कासारकडची, नवऱ्याबरोबर दरसाल ऊसतोडीला जाणारी. पाण्यावाचून गाव सोडून पेठेत राहायला आलेली.

"साहेब, दिवाळी झाली की टोळी निघती. मी जाऊ का ऱ्हाऊ? हितं खरंच काम लागनार हाय का?"

चेअरमन शेजारीच उभे होते. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "राहा. दिवाळीनंतर माग सुरू होतील."

मार्गशीर्षात एका तक्रारीवरून पुन्हा तिथं गेलो. दाराला कुलूप. फटीतून पाहिलं, तर माळा सुकून खाली गळाल्या होत्या आणि त्यांच्या मागे एकाही मागाला मोटर नव्हती. कधी नव्हतीच. असा बावळट निरीक्षक सरकारला शोधूनही सापडला नसता.

वळलो तर पायरीवर तीच बाई. फडक्यात भाकरी बांधून ती रोज सकाळी येत होती. काम सुरू झालं तर आपली जागा जाऊ नये म्हणून.

"नवरा एकटाच गेला का?" मी विचारलं.

"एकट्याला कोन घेतंय, साहेब? जोडीचा एक कोयता धरत्यात. माज्या जागी पोरगी गेली बापासंग. सातवीत व्हती. माग सुरू झाला की आनते माघारी."

तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. असता तर निदान मला भांडता आलं असतं.

खरं सांगायला फार तर दोन वाक्यं लागली असती. बाई, इथं काही होणार नाही. जा, पोरीला घेऊन ये. पण सही माझी होती आणि नोकरीही माझीच.

"होईल लवकरच," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली, आणि मला बसायला म्हणून पायरीवर थोडी सरकली.