चंद्रकांताचे बोंबील आणि हद्दीवरचा बदाम

"तुजा बदाम तुज्या अंगनात ठेव रं भावजी. माज्या बोंबलावर सावली कशाला पाठवतस?"

"सावलीला काय सांगू वयनी, हद्द वलांडू नको म्हनून?"

चंद्रकांता आणि शेजारचा नामदेव यांचं हे रोजचंच. तारापूरच्या पुढे, किनाऱ्यालगत आमचं गाव. चंद्रकांताचं सगळं पोट वलांडीवर, म्हणजे बोंबील वाळवायला बांबू रोवून ताणलेल्या दोऱ्यांवर. ऊन लागलं तर बोंबील कडक होतो. सावलीत राहिला की नरमतो, घाण मारतो, आणि मनोरच्या बाजारात गिऱ्हाईक नाक धरून पुढे जातं.

शेवटी ती पालघरला जाऊन वकील गाठून आली. नामदेवाला नोटीस: झाड तोडा. त्या झाडाला जाळी बांधून तो दुपारभर सावलीत शिवत बसायचा. त्याने उलट सरकारी मोजणी मागवली.

आता हद्दीला खूण काय, तर दोन्ही घरच्या म्हाताऱ्यांनी पुरलेला बोटीच्या नांगराचा दगड. एका हंगामात समुद्रात नांगर गेला, तेव्हा नामदेवाच्या बापाने तोच उपटून बोटीवर नेला. हंगाम संपल्यावर परत पुरला, पण अंदाजाने. दर्यावर अंदाज चालतो, जमिनीवर नाय.

मोजणीवाल्यांनी चुना मारला, तो तिरपा. बदाम चंद्रकांताच्या जागेत आला. आणि तिची वलांडी, अंगणातला सगळ्यात उन्हाचा कोपरा धरून, नामदेवाच्या जागेत.

नामदेव दात काढत म्हणाला, "घे, तुजा झाड. तोड आता."

चंद्रकांता चुन्याकडे बघत राहिली. परवानगी काढून झाड पडेपर्यंत पाऊस येणार, आणि ओले बोंबील तर पाट्यांत भरून दारात पडलेले.

"झाडाचा मागून बगू," ती म्हणाली. "तू माज्या झाडाखाली जाली शिव. माजी वलांडी तुज्या कोपऱ्यात ऱ्हाईल."

"आनि नोटीस?"

"वकिलाला सांगते, आमचा मिटला. पन ती वलांडीवरची फांदी तेवडी छाट."

"झाड तुजा, नि छाटू मी?"

"मंग सावलीत कोन बसतं, मी?"

नामदेव डोकं खाजवत कोयता आणायला गेला. चंद्रकांताने पदर खोचला, पाटीतले दोन बोंबील उचलून एकाचा जबडा दुसऱ्याच्यात अडकवला आणि जोडी दोरीवर टाकली. मग दुसरी.