तीस टक्के परत

आमच्या घरी इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे यायचा. बाबा आखातात, मुसफ्फामधल्या एका वर्कशॉपमध्ये एसीचे फोरमन. शाळा आठवीत सुटलेली. आईची त्याच्याही आधी. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिली, त्यामुळे भाडेकरार, बँकेचं पत्र, व्हिसाचा अर्ज, सगळं मी वाचायचे आणि मराठीत सांगायचे. मी वाचत असताना बाबा मांडीवर हात ठेवून, शाळेच्या कार्यक्रमात बसल्यासारखे ताठ बसायचे. हळूहळू मजल्यावरच्या इतर घरांतूनही कागद येऊ लागले. मला ते आवडायचं. हे आधीच कबूल करते, कारण पुढे जे झालं त्यात या आवडण्याचाही वाटा आहे.

समोरच्या फ्लॅटमधले काका एका कंपनीत अकाउंटंट होते. मजल्यावरचा पहिला कॉम्प्युटर त्यांच्याकडे आला आणि त्यावर ते पत्ते खेळायचे. खरे पैसे लावून, जगात कुठेतरी बसलेल्या माणसांशी. ती साइट इथे बंद होती, पण काकांनी काहीतरी वाट काढली होती. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारची जेवणं झाली की चार पुरुष त्यांच्या हॉलमध्ये जमायचे. काकू चिवडा द्यायच्या. आईने एकदा दबकत विचारलं, "हा जुगारच ना भावजी?"

"अहो वहिनी, दिमाग का खेल है," काका म्हणाले. "आणि ही कंपनी खेळणाऱ्यांना प्रॉफिटमध्ये शेअर देते. तुमच्या यांच्या कंपनीने दिलाय कधी?"

बाबा हसले. त्यांच्या कंपनीने बारा वर्षांत एक घड्याळ दिलं होतं.

मग एका शुक्रवारी काकांनी मला हाक मारली. त्यांच्या हातात दोन छापील पानं होती. "ये गं कॉलेजवाली. मी सांगितलं तर हे म्हणतील, अकाउंटंट आहे, आकडे फिरवतोय. तू वाच आणि सांग यांना."

हॉलमध्ये बाबा होते, खालच्या मजल्यावरचे स्कूलबस चालवणारे, ज्यांना सगळी बिल्डिंग मामा म्हणायची, ते होते, आणखी दोघं होते. मी पहिलं पान वरवर वाचलं. दर महिन्याला 'रेक'च्या तीस टक्के रक्कम खेळाडूला परत मिळेल, असं लिहिलं होतं. रेक म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. माझी डिक्शनरी आमच्या घरी होती, दहा पावलांवर. पण सगळे माझ्याकडे बघत होते आणि बाबा ताठ बसले होते. मी म्हणाले, "महिन्याला जे जातं, त्यातलं तीस टक्के परत मिळतं."

"म्हणजे शंभर दिरहॅम हरलो तर तीस परत?" मामांनी विचारलं.

मी काकांकडे बघितलं. ते चिवड्यातले शेंगदाणे निवडत होते. "मला काय विचारता," ते म्हणाले, "ती वाचतेय ना."

मी हो म्हणाले.

दुसऱ्या पानावर मी नजर टाकली तेव्हा काकांनी हात पुढे केला. "ते माझ्या कामाचं आहे. सोड ते." मी सोडलं. काका पुन्हा खेळाकडे वळले आणि टेबलावर राहिलेली दोन्ही पानं बाबांनी घडी घालून आपल्या फायलीत ठेवली. मी वाचलेला प्रत्येक कागद ते ठेवायचे.

बाबांना पत्ते येत होते. गावी रमीत त्यांना कुणी हरवू शकायचं नाही, असं आई सांगायची. पण खरं कारण वेगळं होतं. माझ्या शेवटच्या वर्षाची फी सहा हजार दिरहॅम. "म्हणजे बहात्तर हजार रुपये," बाबा प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणायचे. ती त्यांनी वर्षभर बाजूला टाकत आणली होती, तरी पुस्तकं आणि बसभाडं उरत होतं. त्यांचा हिशोब साधा होता. जिंकलो तर पुस्तकं सुटतील, हरलो तर तीस टक्के परत. पोरीने वाचून सांगितलंय.

हे सगळं मला नंतर कळलं. पहिल्या महिन्यात ते चारशे दिरहॅम हरले आणि परत आले अकरा. काका म्हणाले, "लेव्हल चढायला लागते. जास्त खेळलात की टक्का वाढतो. इन्शाल्ला पुढच्या महिन्यात." बाबा जास्त खेळले. चार महिने खेळले. एकदाही त्यांनी मला विचारलं नाही, की तीस टक्के म्हणालीस, मग अकराच कसे. विचारलं असतं तर माझ्या वाचण्यावर शंका घेतल्यासारखं झालं असतं. त्यांनी मला तेवढं सांभाळलं, आणि त्यासाठी माझी फी घालवली.

ऑगस्टमध्ये मी फीचं म्हणाले. बाबा उठले आणि फाईल घेऊन आले. आतून तीच दोन पानं काढून म्हणाले, "यात काही राहिलं का बघ."

मी डिक्शनरी घेऊन बसले. डिक्शनरीची गरजही पडली नाही. पहिल्याच पानावर, खाली बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं. प्रत्येक डावात जो पैसा मध्ये जमतो, त्यातला छोटा तुकडा साइट स्वतःकडे काढून घेते. कुणीही जिंको, कुणीही हरो. तो तुकडा म्हणजे रेक. परत मिळणार ते त्या तुकड्यातलं तीस टक्के. हरलेल्या पैशांचा त्यात संबंधच नव्हता. जितकं जास्त खेळाल तितके जास्त तुकडे जाणार, म्हणजे परत येणारी चिमूटही मोठी दिसणार. माणसाच्याच खिशातून काढलेल्यातलं थोडं त्याच्या हातावर ठेवायचं आणि त्याला प्रॉफिटमधला शेअर म्हणायचं.

दुसरं पान खेळाडू आणणाऱ्यासाठी होतं. जो नवी माणसं आणेल, त्याला त्या माणसांकडून साइटला मिळणाऱ्या कमाईत हिस्सा, ती माणसं खेळत राहतील तोवर. वर काकांचं नाव छापलेलं होतं.

मी तशीच समोर गेले. काकू भाजी निवडत होत्या. काका पेपर वाचत होते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "तुम्ही आमच्यावर कमावलंत."

"मी कुणाला जबरदस्ती केली का?" काकांनी पेपर खाली घेतला नाही. "वाचून तूच दाखवलंस."

"दुसरं पान तुम्ही सोड म्हणालात."

"आणि तू सोडलंस." मग त्यांनी पेपर खाली ठेवला. "जा ना पोलिसात. इथे जुगार म्हणजे काय, माहितेय ना? माझ्याआधी तुझ्या बाबांचं नाव सांगावं लागेल. खलास. जा, अभ्यास कर."

काकू मेथीची पानं खुडत राहिल्या. त्याचाही राग माझ्या मनात आहे. त्या चिवड्याचा आहे. 'कॉलेजवाली' म्हणून मला बोलावण्याचा तर सगळ्यात जास्त आहे, कारण काकांना बरोबर ठाऊक होतं की मला न समजलेली गोष्ट समजली नाही असं मी चारचौघांत म्हणणार नाही. अकाउंटंट माणूस होता. त्याने माझाही हिशोब केला होता.

माझ्यावरचा राग कुठे ठेवावा ते मला अजून नीट कळत नाही. दहा पावलं होती.

पुढच्या शुक्रवारी मी मामांना आणि बाकीच्या दोघांना आमच्या घरी बोलावलं आणि दोन्ही पानं शेवटपर्यंत वाचून दाखवली. चुकीचं सांगितलं होतं, असंही म्हणाले. मामांनी चपला घातल्या. "ताई, हे आधी वाचलं असतंस तर," एवढंच म्हणून ते गेले. नंतर जिन्यात भेटले की म्हणायचे, "काय तीस टक्के, बरंय ना?" मी हो म्हणायचे.

त्या वर्षी मी कॉलेजात गेले नाही. आमच्या बिल्डिंगमागच्या एका टायपिंग सेंटरमध्ये कामाला लागले. व्हिसाचे, नोकरीचे अर्ज टाइप करायचे. लोक टोकन घेऊन बाकावर बसतात आणि नंबर आला की कागद पुढे सरकवतात. मी प्रत्येकाला सगळी पानं वाचून सांगायचे. मालक ओरडायचा, "यल्ला, यल्ला, बाहर लाइन देखो." मी सांगायचेच. एखादा शब्द अडला तर म्हणायचे, हा मला कळला नाही, विचारून सांगते.

घरी मात्र फाईल माझ्याकडे येईना. कागद येत असणार, बाबा ते कपाटावर ठेवून द्यायचे. मीही मागितले नाहीत.

जानेवारीत एका दुपारी मी नंबर पुकारला आणि समोर बाबा उभे राहिले. वर्कशॉपचा निळा युनिफॉर्म, हातात टोकन, कंपनीचं पाकीट. कराराचं नवं पत्र होतं, तीन पानांचं. काउंटरवर त्यांनी दहा दिरहॅमची नोट ठेवली, सगळे ठेवतात तशी.

"घरी का नाही दिलंत?" मी विचारलं.

"घरी तू घाई करतेस," बाबा म्हणाले. मग बाकाजवळची खुर्ची पुढे ओढून बसले, मांडीवर हात ठेवून. "इथे सगळं वाचतेस असं मामा म्हणत होता."

मी नोट परत सरकवली. त्यांनी ती पुन्हा माझ्याकडे सरकवली. मी ती गल्ल्यात टाकली, पावती फाडून दिली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.