कुणालाही सांगू नका

आमच्या टॅक्सच्या वकीलसाहेबांनी मला दोनदा फसवलं. पहिली फसवणूक मी केव्हाच माफ केली, दुसरी नाही. लातुरात मला फसवणारा अजून जन्मायचा आहे, असं मी चारचौघांत म्हणत असे. भूकंपानंतर अंगावरच्या कपड्यांनिशी शहरात आलो, जुने पत्रे आणि दारं-खिडक्या घासाघीस करून घेतली, तशीच घासाघीस करून विकली, आणि कोचिंगची पोरं लोटायला लागली तेव्हा त्यांच्यासाठी चौदा खोल्या बांधून भाड्याने दिल्या. अशा माणसाला त्यांनी गंडवलं, आणि तेही चहा पाजून.

वकीलसाहेबांसारखा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल. भूकंपानंतर ते स्लॅबखाली म्हणून बसले नाहीत. त्यांचं ऑफिस म्हणजे कोर्टामागच्या कडुलिंबाखालचं एक टेबल आणि प्रत्येक अशिलाच्या कागदांवर एक दगड. दगड माणूस पाहून निवडलेला. माझा सगळ्यात मोठा आणि टोकदार. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "कागद न्हाई उडत मालक, तुम्ही उडता." फीवरून मी दरवर्षी भांडायचो, आवाज ऐकून पानवालासुद्धा डोकावायचा. ते टेबलावरच्या लिंबोळ्या झटकत शांतपणे म्हणायचे, "झालं का? आता भाडेपावत्या काढा." सरकार रिटर्न कॉम्प्युटरवरच मागू लागलं, तेव्हा वाटलं, आता तरी छताखाली जातील. पण त्यांनी झेरॉक्सवाल्याकडून वायर ओढली, टेबलावर लॅपटॉप मांडला आणि कावळ्यांच्या भीतीने त्याच्यावर छत्री बांधली.

पहिली फसवणूक त्याच दिवसांतली. पोर्टलवर माझं नाव चढवताना मोबाइलच्या रकान्यात त्यांनी स्वतःचा नंबर टाकला. माझ्याच नाही, बऱ्याच जुन्या अशिलांच्या नावापुढे. हे मला कळलं, वकीलसाहेब म्हातारपणी देगलूरला लेकीकडे राहायला गेल्यावर. मी चष्मा चढवून, दोन दिवस डोकं फोडून रिटर्न स्वतः भरलं, आणि शेवटचा ओटीपी गेला देगलूरला! मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. फोन लावला.

"मालक, हितं लिहिलंय, हा आकडा कुणालाही सांगू नका. फोनवर तर मुळीच न्हाई."

"अहो वकीलसाहेब, तो माझाच आकडा हाय!"

"तुमचा हाय म्हणून तर जपून राहिलो. या की उद्या."

शिव्या घालत पहिली एस.टी. धरली. उदगीरमार्गे देगलूर. लेकीच्या अंगणात चिंचेखाली तेच टेबल, आणि माझ्याआधी लातूरचे तीन अशील रांगेत! माझा टोकदार दगडही तिथेच. "बाबांनी सामानात दगड आणले," लेक कपाळाला हात लावून सांगत होती. ओटीपी दहा मिनिटांत मरतो आणि त्यांच्या घरचा चहा पंधरा मिनिटं उकळतो, त्यामुळे ओटीपी तीनदा मागवावा लागला. पुढे दर जुलैला हाच फेरा. माझा नंबर टाका म्हटलं की उत्तर ठरलेलं, "टाकू की. काय घाई हाय?" मीही भांडत राहिलो, आणि का कोण जाणे, जाताना त्यांच्यासाठी खारीचा पुडा नेत राहिलो.

गेल्या जुलैत ते फार थकलेले दिसले. "चहा होईस्तोर जरा तुमचा फोन द्या," म्हणाले. बराच वेळ काहीतरी दाबत बसले. निघताना फोनसोबत माझा दगडही हातात ठेवला. "घेऊन जावा. कागद तुमचे हाईत." मी ती थट्टा समजलो.

यंदा बॅग भरली, खारीचा पुडा घेतला आणि निघण्याआधी सहज ओटीपीचं बटण दाबून पाहिलं. फोन माझ्याच खिशात वाजला. ओटीपी. हा आकडा कुणालाही सांगू नका. दोन मिनिटांत सगळं उरकलं. दगड माझ्या टेबलावर होता, खाली एकही कागद नव्हता.

वकीलसाहेब, माझा नंबर मला न विचारता परत करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? मला याचा जाब पाहिजे, आणि फोनवर नाही. चिंचेखाली, समोरासमोर. दगड बॅगेत टाकला आहे. चहा ठेवायला सांगा.