भवानीचं गिऱ्हाईक

परदेशात खरेदी कशी करावी, हे मला कोणी शिकवायला नको. आमची वाडी वसईची. आई रोज सकाळी वसईतल्या होळी नावाच्या बाजारात भाजी घेऊन बसायची, आणि कॉलेजात जाईपर्यंत मीही तिच्या शेजारी बसले आहे. ज्याने विकलंय त्याला घेता येतंच.

नव्वदच्या दशकात भाऊ दुबईला नोकरीला लागला आणि त्याने मला पंधरा दिवस बोलावलं. शेजारणींनी अत्तरांच्या, ब्लँकेटांच्या याद्या दिल्या. आईने काहीच मागितलं नाही. पण बाजारात तिचा चहा किटलीत गार होतो, हे मी वर्षानुवर्षं बघत होते. तिच्यासाठी थर्मास आणायचाच होता.

दुकान उघडायच्या आधीच मी दारात हजर. दुकानदार आपल्या इकडचाच, हिंदी बोलणारा. थर्मास कानाला लावला, आतून घूं आवाज आला, म्हणजे माल चोख. मग निम्म्या भावाने मागितला. तो नाही म्हणाला, मी पाठ फिरवली. पायरी उतरते तोच हाक आली, "ले जाओ बहनजी, बोहनी का टाइम है." ते मला ठाऊकच होतं. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे आपली भवानी, कोणी सोडत नाही.

घरी आल्यावर हा पराक्रम मी आईला तिखटमीठ लावून सांगितला.

"भवानीचं गिऱ्हाईक कोन परत धाडील गो?" आई म्हणाली. "तुला ठावं होतं, तरी केलंस."

थर्मास कपाटात गेला तो तिथेच राहिला. आई किटलीच नेत राहिली. मला रागही यायचा, एवढं काय त्यात! पण भवानीलाच कोणी पाडून मागितलं की तिचं दिवसभर उतरलेलं तोंड मीच पाहिलं होतं. ते आठवलं, तेव्हा लाज वाटली.

दोन वर्षांनी पुन्हा दुबईला गेले. त्याच दुकानात, दार उघडताच. एक टॉर्च घेतली आणि त्याने सांगितला तो भाव मुकाट्याने दिला. त्याने नोट कपाळाला लावून गल्ल्यात टाकली. पुढच्या दुकानात मात्र पदर खोचून घासाघीस केली; तिथे माझ्याआधी दोन गिऱ्हाइकं होऊन गेली होती. तुम्हालाही तेच सांगते. भाव करायचा तर पहिलं गिऱ्हाईक होऊ नका.

आईला सगळं सांगितलं. ती "बरं" एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी उठले तर किटली ओट्यावर पालथी होती आणि थर्मास बाजारात गेला होता.